पायाखालची जमीन

"फिरवायचा कशाला?" मामाने विचारलं.

मी लॅपटॉप त्याच्याकडे वळवून ठेवला होता. रोब्लॉक्स स्टुडिओच्या निळ्या आभाळाखाली लाकडी रंगाची एक मोठी चकती, तिच्यावर तीन उभ्या भिंती आणि त्या भिंतींनी पाडलेले तीन कप्पे: राजाचा दरबार, न्हाव्याचं घर, रानातलं झाड. राजाच्या गाढवकानांची ती जुनी गोष्ट. माझी लेक पुण्यातून, तिचा मावसभाऊ नागपुरातून आणि त्यांची एक मैत्रीण सिंगापूरहून, असे तिघे मिळून सुट्टीत ती करणार होते. रोब्लॉक्सवर मुलं नुसती खेळत नाहीत, स्वतः खेळ बांधतातही. २००६ पासून हा उद्योग चालू आहे. बांधकाम मुलांनीच केलं होतं. माझ्याकडे एकच काम आलं होतं, स्टेज फिरलं पाहिजे.

मामाने तीसेक वर्षं नाटकांच्या दौऱ्यांवर बॅकस्टेज केलं. सेट लावायचा, पाडायचा, टेम्पोत भरायचा, आणि फिरता रंगमंच असेल तर तो ढकलायचा. त्यामुळे हे बघून तो खूश होईल अशी माझी भाबडी समजूत होती.

"मुलांना हवाय," मी म्हटलं.

"मुलांना उद्या हत्ती हवा असेल." त्याने चष्मा कपाळावर चढवला. "अगं, फिरता रंगमंच ही हौस नव्हती, नड होती. दिवाणखाना एकदा लागला की तो हलवायला माणसं लागतात, वेळ लागतो. काळोख करून बदलायला गेलात की दोन मिनिटांत लोक खोकायला लागतात, पोरं रडायला लागतात. म्हणून पुढे एक प्रवेश चालू असताना पाठीमागे दुसरा लावून ठेवायचा आणि वेळ आली की फिरवायचा. तुझ्या या डब्यात कशालाच वजन नाही. दरबार नाहीसा कर, झाड आण. चुटकीसरशी. मी असतो तर फिरवला नसता."

गंमत अशी की ज्याने तो रंगमंच खांद्याने रेटला तो म्हणतोय फिरवू नकोस, आणि जिने जन्मात विंगेत पाऊल टाकलेलं नाही ती फिरवण्याची बाजू लढवतेय.

"नाहीसा केला की दरबार गेला," मी म्हटलं. "फिरवला की तो मागच्या बाजूला असतो. बघणाऱ्याला ठाऊक असतं, भिंतीपलीकडे राजा बसलेला आहे. 'तो मी नव्हेच' आठव की."

हे नाव काढलं की मामा सरळ बसतो. आचार्य अत्र्यांचं नाटक, मो. ग. रांगणेकरांचं दिग्दर्शन, पहिला प्रयोग १९६२ चा. मामाने ते बऱ्याच नंतर पाहिलं, पण सांगताना तो जणू पहिल्याच प्रयोगाला हजर होता.

"कोर्ट, आणि कोर्टातून मागच्या काळात. लखोबा लोखंडे, दिवाकर दातार, कॅप्टन परांजपे, दाजीशास्त्री, राधेश्याम महाराज. पाचही भूमिकांत नट एकच, पणशीकर. रंगमंच फिरला की नाव नवं, माणूस तोच. तिथे फिरण्याला कारण होतं. तुझं कारण काय ते सांग."

माझ्याकडे त्या दिवशी कारण नव्हतं. "आधी दाखवते," म्हणून मी वेळ मारून नेली.

लेक शेजारच्या खोलीतून राजा होऊन आली आणि सिंहासनासमोर उभी राहिली. मी बटण दाबलं. चकती फिरली, अगदी मऊ, एकही गचका न खाता. सिंहासन गेलं, छत्र गेलं, दोन्ही मशाली गेल्या. राजा होता तिथेच. मग मागून दरबाराची भिंत आली आणि तिने राजाला केर लोटावा तसं चकतीबाहेर लोटून दिलं.

मामाला हसू आवरेना. "पायाखालची जमीन सरकणं म्हणतात ते हेच की गं!"

शेजारच्या खोलीतून आवाज आला, "आई, मी पडले!"

"हा खरं म्हणजे फिरतच नाहीये, मामा," मी सांगायला लागले. "चकती अँकर केलेली आहे, म्हणजे जागच्या जागी खिळलेली. तिला गुरुत्व नाही, तिला कुणी ढकलू शकत नाही. माझी स्क्रिप्ट सेकंदाला साठ वेळा तिला उचलते आणि जरा वळवून परत ठेवते. कुठली वस्तू कुठे आहे आणि तिचं तोंड कुठे आहे, हे मिळून जे बनतं त्याला सीफ्रेम म्हणतात. मी फक्त तो बदलते. चकती नव्या कोनात दिसते, पण तिला वेग असा नाहीच. वर उभ्या माणसाला ओढ कशी लागणार?"

"म्हणजे सिनेमा," मामा म्हणाला. "एकापुढे एक फोटो. आम्ही ढकलायचो."

यावर तो थोडा वेळ त्याच्या रंगमंचात गेला. लाकडी त्रिकोणी तुकडे, पोह्यांच्या डिशमध्ये लिंबाच्या फोडी मांडाव्यात तसे गोलात मांडायचे, खाली चाकं, वर तरट अंथरायचं म्हणजे पावलं वाजत नाहीत. मागच्या बाजूने चौघांनी वाकून रेटायचं. "सुरू करायला चौघांचा जोर. एकदा निघाला की दोघं पुरे. थांबवायला पुन्हा चौघं, आणि थांबवणंच खरं अवघड. प्रवेश संपला हे आपल्याला कळतं, वजनाला कळत नाही."

मी त्याला जपानचं सांगितलं. ओसाकात नामिकी शोझो नावाच्या नाटककाराने १७५८ मध्ये काबुकीसाठी असा रंगमंच केला, तो खालच्या तळघरात माणसं उभी करून फिरवत. युरोपात तो म्युनिकला पोचला १८९६ मध्ये. पण मामाला रस वाटला तो त्या तळघराच्या नावात. जपानी नटमंडळी त्याला 'नाराकु' म्हणतात, आणि तो शब्द आपल्याच 'नरका'वरून बौद्ध ग्रंथांबरोबर तिकडे गेलेला.

"बरोबर नाव ठेवलंय," मामा म्हणाला. "मे महिन्यात, पंखा नाही, आणि वर प्रेमाचा प्रवेश."

मग तो पुन्हा मुद्द्यावर आला. "तूही ढकल की. मोटर नाही तुझ्याकडे?"

मोटर आहे. तिला हिंज कन्स्ट्रेंट म्हणतात, म्हणजे बिजागरी. तिला मोटर म्हणून वागायला सांगता येतं, किती वेगाने आणि किती जोराने ते आकड्यात भरायचं. मी चकतीचा अँकर काढला, भिंती, सिंहासन, मशाली, झाड सगळं तिला वेल्ड केलं आणि चालू केलं. भाकरी उलटावी तशी चकती उलटली. दरबार पोटाखाली गेला. झालं होतं असं की बिजागरी ज्या खुंटीभोवती फिरते ती खुंटी मुळात आडवी असते. ती उभी करून घ्यायला मी विसरले होते. दाराची बिजागरी विहिरीच्या रहाटाला बसवल्यासारखं.

खुंटी उभी केली, तर चकती हलेचना. जोर दसपट केला. ढिम्म. तासभर आकड्यांशी झटापट करून शेवटी एकेक वस्तू तपासत गेले, तर न्हाव्याच्या घरातला कंदील अँकर राहिलेला. वेल्डने जोडलेल्या सगळ्या तुकड्यांची एक जुडी होते, आणि जुडीतला एक जरी तुकडा खिळलेला असला तरी आख्खी जुडी खिळते. तळहातावर मावणाऱ्या एका कंदिलाने तीन घरांचा रंगमंच धरून ठेवला होता.

हे मी मामाला फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडे क्षणभर शांतता.

"आमचा एका मुक्कामी असाच अडला होता. सुरुवातीला चौघे, मग सहा, मग मॅनेजरसुद्धा धोतर खोचून आला. हलेना. पुढे नट वाक्यं संपल्यामुळे स्वतःची वाक्यं बोलायला लागलेला. शेवटी मी पालथा पडून बघितलं, तर टेबललॅम्पची वायर. कुणीतरी ती बाहेरच्या प्लगला लावून ठेवलेली. सेट चकतीवर आणि वीज जमिनीवर." तो हसला. "वायर कापली. पुढचा प्रवेश काळोखात."

या गोष्टीनंतर माझ्या मोटरबद्दल त्याला माया वाटू लागली, आणि आमचं खरं भांडण तिथे सुरू झालं. कारण मोटर चालली, राजा तिच्यावर उभा राहून झकास फिरला, तरी मी ती काढून टाकायचं ठरवलं.

"का?" मामा चिडला. "चांगलं चाललेलं का मोडायचं? त्यात जोर आहे, वजन आहे, घर्षण आहे. तेच खरं फिरणं."

"खरं आहे, पण कुणाच्या घरात? अशा सुट्या वस्तूचा हिशेब कोण करणार हे रोब्लॉक्स ठरवतं, आणि बहुतेक वेळा ते काम जवळच्या खेळाडूच्या यंत्राकडे सोपवतं. काल न्हावी जवळ होता, म्हणून रंगमंच नागपूरच्या फोनवर गेला. फोन जुना, घरात वायफायची बोंब. नागपुरात छान फिरतोय, पुण्यात गचके खातोय, सिंगापुरात झाड दरबारात घुसलंय."

"मग ते काम एका जागी ठेव."

"ठेवता येतं, सर्व्हरकडे. मग सर्व्हरला दिसतं तेव्हा दिसतं आणि मुलांना जरा उशिराने, प्रत्येकाला वेगवेगळ्या उशिराने."

मामा गप्प झाला. मग त्याने जो प्रश्न विचारला त्यावर मी अजून विचार करते आहे. "घंटा कोण देतं?"

"म्हणजे?"

"आमच्याकडे चौघं एकमेकांना दिसायचे नाहीत. दोघं या अंगाला, दोघं त्या अंगाला, मध्ये सेट. तरी एकदम जोर लावायचे, कारण घंटा एकच. कोण किती जोर लावतो याची खबर एकमेकांना कळवत बसलो असतो तर संपलंच."

बसल्या जागी मोटरवाल्याने मोटरच्या विरुद्ध पुरावा दिला. मी नेमकं तेच केलं. सर्व्हरने चकती फिरवायचीच नाही. त्याने फक्त सांगायचं की अमुक वेळेला, शून्य अंशापासून एकशेवीस अंशांपर्यंत, आठ सेकंदांत. सर्व्हरचं घड्याळ सगळ्यांना वाचता येतं. पुण्याचा टॅब, नागपूरचा फोन, सिंगापूरचा संगणक, प्रत्येकाने ते घड्याळ बघायचं आणि आपल्या घरी आपापली चकती त्या कोनात ठेवायची. फोन सेकंदाला तीसच चित्रं काढत असेल तर काढू दे; मी 'दर चित्राला इतका अंश' असं लिहिलं असतं तर त्याचा रंगमंच निम्म्या वेगाने फिरला असता. घड्याळावरून कोन काढला की फार तर एखादं चित्र गाळलं जातं, कोन चुकत नाही.

"म्हणजे तीन रंगमंच," मामा म्हणाला.

"तीन."

"आणि प्रत्येकाला वाटतं आपण एकाच रंगमंचावर आहोत."

"हो."

"फसवणूक आहे ही."

"कॅनव्हासवर रंगवलेला वाडा काय होता?"

यावर त्याने चहा मागितला.

घंटेचा आणखी एक धडा मुलांनी शिकवला. बटण सगळ्यांसाठी खुलं होतं. राजाने आणि न्हाव्याने एकदमच दाबलं, आणि चकती दोन हुकमांच्या मध्ये सापडून ताप भरल्यासारखी थरथरायला लागली. आता एक फेरा चालू असताना आलेला दुसरा हुकूम सर्व्हर कानाआड करतो. आमच्या धंद्यात याला डिबाउन्स म्हणतात. मामाचं म्हणणं, याला शिस्त म्हणतात.

शेवटच्या पडद्याला मुलांना पूर्ण फेरी हवी होती, तिन्ही घरं एकदा सगळ्यांसमोरून. मी घाईत तयार साधन वापरलं, ट्वीनसर्व्हिस. त्याला सुरुवात सांगायची आणि शेवट सांगायचा, मधलं ते भरतं. मी शेवट सांगितला तीनशे साठ अंश. बटण दाबलं. काही नाही. आठ सेकंद चकती देवासारखी उभी. चूक माझीच होती. त्याला दोन टोकांचे सीफ्रेम दिसतात, आणि तीनशे साठ अंशांनंतरचा सीफ्रेम शून्याच्या सीफ्रेमसारखाच असतो.

"तुझ्या यंत्राच्या मते," मामा म्हणाला, "वारी करून घरी परत आलेला माणूस कुठे गेलाच नव्हता."

तेव्हापासून मी चकतीला अंतिम जागा सांगत नाही. कोन हा साधा आकडा म्हणून शून्यापासून तीनशे साठपर्यंत चढवत नेते, आणि दर चित्राला मूळ जागेवरून तेवढ्या कोनात चकती ठेवते. (ज्या लुआउ भाषेत हे लिहितात ती लुआवरून निघाली, आणि लुआ म्हणजे पोर्तुगीजमध्ये चंद्र. फेऱ्या मोजायला चंद्राची भाषा, हे मला उगाचच आवडतं.)

पण राजा अजून पडतच होता. मोटर गेली तसं घर्षणही गेलं. खिळलेल्या चकतीला नुसता वेगाचा आकडा चिकटवण्याची एक युक्ती असते. चकती आपण फिरवायची, आणि भौतिकशास्त्राच्या कानात सांगायचं की हिला इतका इतका वेग आहे, म्हणजे वरचा माणूस ओढला जातो. करून पाहिलं. जातो ओढला, पण कोन आणि वेग केसाइतके जरी चुकले तरी राजा फेऱ्यागणिक थोडा थोडा सिंहासनापासून सरकतो. तिसऱ्या फेऱ्याला तो प्रधानाच्या जागेवर होता.

शेवटी साधं गणित केलं. प्रत्येक मुलाच्या यंत्राने दर चित्राला आपल्या पात्राच्या पायाखाली बघायचं. खाली चकती असेल तर मघाशी ती कुठे होती आणि आता कुठे आहे, हा फरक काढायचा आणि तोच्या तोच पात्राला लावायचा. चकती दोन अंश फिरली तर राजाही तिच्या मध्याभोवती दोन अंश, ना कमी ना जास्त.

"हाताला धरून न्यायचं," मामा म्हणाला.

"हो."

"उडी मारली तर?"

मारली होतीच, नागपूरकराने. हवेत असताना त्याच्या पायाखाली काही सापडेना, तो जिथल्या तिथे, आणि खाली येईपर्यंत त्याचं घर पुढे निघून गेलेलं. आता पायाखाली जरा खोलवर बघते. गंमत म्हणजे मोटरवाल्या रंगमंचावर मला यातलं काहीच लिहावं लागलं नव्हतं. मामाने हे बोलून दाखवलं नाही. त्याच्या चेहऱ्यावर होतंच.

राहिलं माझं कारण. ते मला तालमीत सापडलं. न्हाव्याने राजाचे कान पाहिलेत, कुणाला सांगायचं नाही, पोट फुगलंय, आणि तो रानातल्या झाडाकडे निघालाय. मी म्हटलं, याला चालू दे, आणि रंगमंच उलटा फिरू दे. तो चालत राहील, पण प्रेक्षकांसमोर तिथेच राहील. दरबार त्याच्या मागे जाईल आणि झाड समोरून त्याच्याकडे येईल.

चकती चाळीस स्टडची, म्हणजे सुमारे ११ मीटर. आठ सेकंदांत एकशेवीस अंश फिरायचं तर कडेला तिचा वेग सेकंदाला सव्वापाच स्टड पडतो. रोब्लॉक्समधला माणूस न सांगता सेकंदाला सोळा स्टड चालतो. म्हणून न्हाव्याचा वेग सव्वापाचवर आणला, कडेला उभा केला आणि फिरवलं. तर आधी तो पुढे गेला, मध्ये मागे वाहत आला, शेवटी पुन्हा पुढे.

मामाने लगेच ओळखलं. "तुझी चकती हळू निघते, मध्ये पळते, हळू थांबते."

ती मीच तशी ठेवली होती, गचका बसू नये म्हणून. त्या चढउतारात मधला वेग सरासरीच्या दीडपटीहून जास्त होतो, सव्वाआठच्या आसपास. या एका प्रवेशापुरती चाल सरळ ठेवली. न्हावी जागेवर आला. पावलं टाकतोय, दरबार मागे जातोय, भिंतीची कड त्याच्या मागून सरकतेय आणि झाडाची पहिली फांदी उजवीकडून आत येतेय. शेजारच्या खोलीतून, नागपूरहून आणि सिंगापूरहून एकाच वेळी "ओऽऽ" ऐकू आलं. आवाज फोनवर होता, तो मात्र थोडा पुढेमागे आला.

"हे माझं कारण," मी म्हटलं.

"चांगलंय," मामा म्हणाला. "पण त्याला खरंच चालू दे ना. तुझ्याकडे जमिनीला भाडं नाही. मैलभर रान घाल, आणि बघणारे त्याच्या मागून जाऊ देत."

"मग तो खेळ होईल, मामा. नाटक नाही. नाटकात बघणारा खुर्चीत बसतो आणि जग त्याच्यासमोर येतं."

"खेळच आहे तो. तू त्याला नाटक म्हणतेस."

"आणि तू ज्याला ढकलायचास?"

"ती नड होती. सांगितलं ना."

यापुढे आम्ही दोघंही गेलो नाही. त्याला अजून वाटतं की मी काम नसताना काम काढलं. मला वाटतं की न्हाव्याची ती चाल दुसऱ्या कशाने आली नसती. लेकीला वाटतं की राजाचे कान अजून मोठे हवेत.

रंगीत तालमीला मामा खुर्ची ओढून लॅपटॉपला अगदी चिकटून बसला. दरबार संपला, दिवे गेले, चकती फिरली, थांबली, आणि त्याच क्षणी न्हाव्याच्या घरात उजेड झाला.

"घाई," मामा म्हणाला.

"थांबली की ती."

"चकती थांबली. माणसं थांबली नाहीत. वर उभ्याने तोल सावरायचा, श्वास घ्यायचा, आणि मग दिवा."

"त्यांना तोल नाही, मामा. श्वासही नाही."

"बघणाऱ्यांना आहे."

मी स्क्रिप्ट उघडली. दिव्यांच्या ओळीच्या आधी थांबायची ओळ घातली आणि कंसात दोन लिहिलं.

मामाने डोळे मिटले, बोटाने खुर्चीच्या हातावर ठेका धरला आणि मान हलवली. "दीड."